देहाला विचारून

श्रावण लागला की शिराळ्यात हवेचा वासच बदलतो. मोरणेच्या काठाला गवत कमरेएवढं उभं असतं, भाताच्या खाचरांत पाणी तुंबलेलं असतं, आणि पश्चिमेला चांदोलीच्या डोंगरांवर उतरलेले ढग दिवसदिवस हलत नाहीत. घराघरांत नागपंचमीची तयारी सुरू होते. गोरक्षनाथांनी या गावाला जिवंत नागाची पूजा दिली, ही इथली जुनी श्रद्धा. कितीतरी पिढ्या इथली माणसं शिवारात नाग शोधायला जात, मडक्यात घालून आणत, अंबामातेच्या दर्शनाला नेत, आणि सण झाला की जिथनं आणला तिथं नेऊन सोडत. पुढं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारानं उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि जिवंत नागाच्या पूजेला बंदी झाली. मातीचा नाग, नागाची प्रतिमा पूजेला आली. त्या बदलाचं दुःख मी जवळून पाहिलं आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी नाग हाताळले, त्यांना पंचमीचा दिवस अजून रिकामा वाटतो. त्यांची माया खोटी नव्हती, हे मी ठामपणे सांगेन.

पण त्याच काळात आपला मुलूख आणखी एक गोष्ट शिकला. नाग दूध पीत नाही. दूध पचवण्याची सोय त्याच्या देहात नाही. आपण वाटी पुढं केली ती भक्तीनं. त्याच्या देहाला मात्र ती नको होती. माया कितीही खरी असली तरी तिनं समोरच्या जिवाच्या देहाला आधी विचारलं पाहिजे, हे त्या वाटीनं सांगितलं. हा विचार माझ्या मनात खोल मुरला तो आमच्या घरातल्या एका गिनीपिगमुळं, आणि तोही तिच्या मुतखड्यामुळं.

लेकीनं तिचं नाव ठकी ठेवलं. तपकिरी पाठ, पांढरा गळा, कानाच्या पाळ्या गुलाबाच्या पाकळीइतक्या पातळ, शेपूट नाहीच. वजन किलोच्या आतबाहेर. सकाळी विळीचा आवाज झाला की ती पुढचे पाय जाळीवर टेकून उभी राहायची आणि बारीक शीळ घालायची. सगळं मनासारखं असलं की जागच्या जागी उड्या मारायची, हवेतच अंग वळवायची. आमचे अण्णा आयुष्यभर बैल आणि म्हशींत राहिलेले. पहिल्यांदा त्यांनी तिला दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं, बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, “ह्ये तर लई दूरचं पाव्हणं दिसतंय.”

पाहुणी खरोखरच दूरची. गिनीपिगचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. तिथल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं. उंच, थंड, गवताळ मुलुखातला हा जीव. दिवसभर गवत कुरतडणं हेच त्याचं जगणं. दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवतानंच झिजतात. पिल्लं जन्मतात तीच डोळे उघडे ठेवून, अंगभर केस घेऊन, आणि काही तासांत चालायला लागतात. सतत कुणाच्या तरी भक्ष्यस्थानी असलेल्या प्राण्याला लहानपण फार काळ परवडत नाही. दुखणंही दाखवणं परवडत नाही. कळपातला आजारी जीव आधी टिपला जातो, म्हणून गिनीपिग वेदना गिळून बसतो. त्याचं दुखणं आपल्याला कळतं तेव्हा ते बहुधा खूप पुढं गेलेलं असतं.

या मुक्या जिवाचं माणसावर मोठं ऋण आहे, आणि ते आपल्याकडं फारसं कुणी बोलून दाखवत नाही. रॉबर्ट कॉखनं 1882 साली क्षयाचा जंतू सिद्ध केला तो गिनीपिगांच्या देहावर. वाल्डेमार हाफकिननं 1892 मध्ये पॅरिसला पटकीची लस तयार केली तेव्हा तो जंतू एकामागून एका गिनीपिगच्या पोटातून नेऊन तीव्र केला होता. हाच हाफकिन पुढं प्लेगच्या काळात मुंबईला आला, आणि आज मुंबईतली संस्था त्याच्याच नावानं उभी आहे. पंढरीच्या वारीला निघण्याआधी पटकीची सुई टोचून घेतल्याच्या आठवणी आपल्याकडची म्हातारी माणसं सांगतात. त्या सुईच्या पाठीमागं हे एवढंसं जनावर उभं होतं. 1907 साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांना गिनीपिगांतच दिसलं की ताज्या पाल्याशिवाय ठेवलं तर या प्राण्याला माणसासारखाच स्कर्व्ही होतो. क जीवनसत्त्व स्वतःच्या देहात तयार करणं ना त्याला जमतं ना आपल्याला. गाय, बैल, कुत्रा, मांजर ते तयार करतात. या एका बाबतीत ठकी आमच्या गोठ्यातल्या जनावरांपेक्षा आमच्याच अधिक जवळची होती.

पण दुसऱ्या एका बाबतीत तिचा देह आमच्याहून अगदी वेगळा होता, आणि तिचं दुखणं तिथंच दडलेलं होतं.

बहुतेक सस्तन प्राण्यांचं आतडं कॅल्शियमच्या बाबतीत चोखंदळ असतं. हवं तेवढं घेतं, उरलेलं विष्ठेवाटे जाऊ देतं. गिनीपिगचं आतडं खाण्यात जितकं कॅल्शियम येईल तितकं अधिक उचलतं, आणि जादाचं सगळं बाहेर काढायचं काम मूत्रपिंडांवर पडतं. त्यात त्याचं मूत्र अल्कधर्मी. अशा पाण्यात कॅल्शियम विरघळून राहत नाही, बारीक कणांनी खाली बसतं. म्हणून निरोगी गिनीपिगचं मूत्रही थोडं गढूळच असतं, आणि कापडावर वाळलं की खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर मागं राहतो. तो थर बोटांत धरून चोळला आणि मऊ लागला, तर काळजीचं कारण नाही. त्यात वाळूसारखी कचकच लागली, मूत्र दाट गाळासारखं येऊ लागलं, तर मूत्राशयात गाळ साठतो आहे असं समजावं. गाळाचा पुढं खडा होतो. गिनीपिगांचे बहुतेक खडे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचेच असतात.

आमच्या घरी ठकीच्या पिंजऱ्यात पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे अंथरलेले असत. अण्णांच्या जुन्या धोतरांचे. पांढरंच का, तर त्यावर सगळं दिसतं. रोज सकाळी कापड बदलायचं काम लेकीचं, आणि ते उजेडात धरून बघायचं काम अण्णांनी आपणहून स्वतःकडं घेतलं. त्यांना यात काही नवं नव्हतं. पहाटे गोठ्यात गेल्यावर पहिली नजर शेणाकडं आणि दुसरी मुताकडं टाकायची, ही त्यांची जन्माची सवय. “जनावराला तोंड नसतं,” ते नातीला सांगत, “पर त्येचं मूत बोलतंय. आपण ऐकायचं.” ज्याला आपण घाण म्हणून नाक मुरडतो, त्यातच या माणसानं आयुष्यभर जनावरांची खुशाली वाचली होती.

आणि एका सकाळी त्या कापडावर गुलाबी डाग दिसला.

गुलाबी म्हणजे रक्तच, असं नाही. काही पाल्यांतल्या रंगद्रव्यांनीही गिनीपिगचं मूत्र वाळल्यावर तांबूस दिसतं. माणसांच्या लघवीतलं रक्त तपासायला जी रासायनिक पट्टी वापरतात, तीच पट्टी इथंही खरं-खोटं सांगते. पण पट्टीआधी ठकीनंच सांगितलं. लघवीला बसली की पाठीची कमान करायची, आणि त्या क्षणी तिच्या गळ्यातून एक बारीक, ताणलेली किंकाळी निघायची. रोजची शीळ वेगळी आणि हा आवाज वेगळा, हे ओळखायला आम्हाला शिकावं लागलं नाही. मागचे केस ओले राहू लागले होते. मधूनच दात एकमेकांवर घासल्याचा आवाज यायचा. गवत पुढं असूनही ती कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहायची.

अण्णा तिच्यापुढं मांडी घालून बसले. म्हणाले, “ह्ये आमच्या ढवळ्यागत झालंय.”

ढवळ्याची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण त्या दिवशी ती मी नव्यानं ऐकली. गळिताचा हंगाम सुरू झाला की वारणेच्या खोऱ्यात उसाचे वाढे मुबलक. बैलांपुढं तेच पडायचे. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं; ते कॅल्शियमला धरून बसतं. बैलाचा मूत्रमार्ग लांब, आणि मध्ये इंग्रजी एस अक्षरासारखा दुहेरी वळलेला. लहानपणीच खच्ची केलेल्या बैलाचा तर तो आणखीच अरुंद राहतो. खडा अडकतो तो नेमका त्या वळणावर. ढवळ्या सारखी शेपटी हलवायचा, पोटावर लाथा मारायचा, मागचे पाय ताणून उभा राहायचा आणि थेंबसुद्धा पडायचा नाही. अशा वेळी वाट बघण्यात एक-दोन दिवस गेले तर मूत्राशय फुटतं आणि बैल हातचा जातो. अण्णांनी वेळेत डॉक्टर आणला होता, म्हणून ढवळ्या वाचला. तेव्हापासून आमच्याकडं वाढे नुसते कधी टाकले नाहीत. चुन्याची निवळी शिंपडून, कडब्यात मिसळूनच टाकले. चुन्यातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलेटला बांधून टाकतं आणि दोन्ही शेणावाटे निघून जातात.

इथं मी थांबलो. बैलाचा खडा टळावा म्हणून आमच्या घरानं पिढीभर चुना वापरला होता, आणि ठकीचा खडा चुन्याचाच होता. एका देहाला जे राखतं तेच दुसऱ्या देहाला अडवतं. अनुभव कितीही मोठा असला तरी तो जसाच्या तसा एका जनावरावरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येत नाही. अण्णांनी हे माझ्याही आधी ओळखलं. एरवी कुठल्याही जनावरावर उपाय सांगणारा हा माणूस म्हणाला, “ह्येचं शास्तर निराळं आसंल. ज्येला ठावं त्येच्याकडं ने.”

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या येतात आणि त्यांची तिथं उत्तम देखभाल होते. सातारा जिल्ह्यात शिरवळला 1988 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय उभं आहे, आणि तिथं शिकलेले डॉक्टर या भागात गावोगाव राबतात. पण गिनीपिगचं पोट उघडायचं तर रोज असे छोटे जीव हाताळणारा माणूस लागतो. चौकशी करत करत आम्ही कोल्हापुरात एका डॉक्टर ताईंपर्यंत पोचलो. त्यांनी आधी ठकीला बोलतं केलं, म्हणजे तिला हातात धरून शांत होऊ दिलं, मग पोट चाचपलं, मग एक्स-रे काढला. कॅल्शियमचा खडा एक्स-रेत लपत नाही. काळ्या पडद्यावर मूत्राशयाच्या जागी एक स्वच्छ पांढरा ठिपका होता, सुमारे 5 मिलिमीटरचा. सोनोग्राफीही केली, कारण माद्यांत असंच रक्त गर्भाशयातूनही येऊ शकतं आणि तो आजार पूर्णपणे वेगळा.

ताईंनी जे समजावलं ते मी इथं सविस्तर लिहितो, कारण ते कळलेलं असणं हेच कुणाच्या तरी ठकीचं आयुष्य असू शकतं. माणसाचे काही खडे औषधानं विरघळतात. गिनीपिगचा चुनखडीचा खडा विरघळवणारं औषध नाही. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळं अगदी लहान खडा पाण्याच्या जोरानं आपणहून पडू शकतो. नराच्या बाबतीत ती आशा कमी आणि अडकण्याचा धोका जास्त. लघवी पूर्ण बंद झाली तर ती तासांची गोष्ट असते. रात्र काढू नये. मोठा खडा शस्त्रक्रियेनंच काढावा लागतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घरातली माणसांची प्रतिजैविकं या प्राण्याला कधीही देऊ नयेत. पेनिसिलिनच्या घराण्यातलं, ॲमॉक्सिसिलिनसारखं औषध तोंडावाटे गेलं तर गिनीपिगच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि जनावर दगावतं. प्रत्येक घराच्या औषधांच्या डब्यात जी गोळी सापडते, ती या देहासाठी विष आहे.

शस्त्रक्रियेआधी तिला उपाशी ठेवायचं नव्हतं. माणसाला भूल देताना पोट रिकामं लागतं, कारण उलटी होण्याचं भय असतं. गिनीपिगला उलटी करताच येत नाही, आणि त्याचं आतडं रिकामं राहिलं की थंडावतं. एकदा थंडावलं की पुन्हा चालवणं कठीण. म्हणून पिंजऱ्यात गवत शेवटपर्यंत होतं. लेक बाहेरच्या बाकावर बसली होती, हातात ठकीचा कापडाचा तुकडा. तिनं मला विचारलं, “तिला कळेल का, आपण तिच्यासाठी हे करतोय ते?” मी म्हणालो, “तिला कळायची गरज नाही. आपल्याला कळलं पाहिजे.” त्या वेळी तोंडातून गेलेलं हे उत्तर मला आजही बदलावंसं वाटत नाही.

खडा निघाला. ठकी शुद्धीवर आली. वेदनाशामकाचे थेंब, त्वचेखाली पाणी, आणि दर काही तासांनी गवताच्या भुकटीची पेज सिरिंजनं तोंडाच्या कडेनं. घास चावायची वाट पाहायची, मग पुढचा. तिनं स्वतः पहिली गवताची काडी उचलली त्या दिवशी आईनं देवापुढं साखर ठेवली.

मग माणसं भेटायला येऊ लागली, कारण शिराळ्यात कुणाचं आजारपण एकट्याचं राहत नाही. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. एका मावशींनी परड्यातली पानफुटीची पानं आणली. मुतखड्यावर माणसं ती खातात. कुणी कुळथाचं कढण सांगितलं. कुणी कोवळी मेथी आणली, कुणी शेवग्याचा पाला, कुणी शेतातला लसूणघास, आणि म्हणालं, “म्हशीला दिला की दूध वाढतं, हिच्या अंगी लागंल.” त्या सगळ्यांच्या मायेपुढं मी हात जोडतो. पण त्यातलं काहीच ठकीपर्यंत जाऊ दिलं नाही. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ती खाऊन गुरंही दगावतात. शेवग्याचा पाला आणि लसूणघास कॅल्शियमनं भरलेले. वाढत्या पिल्लांना आणि गाभण माद्यांना लसूणघास चालतो, मोठ्या गिनीपिगला तो नको. मावशींना मी हे समजावलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “मंग तिला काय चालतं त्ये सांग की. त्ये आणते.” मला त्या दिवशी मावशींचा फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी त्या हरळीची जुडी घेऊन आल्या, धुवून, निथळून.

काय चालतं, याचं उत्तर सोपं आहे आणि ते रोज द्यावं लागतं. गवत, गवत आणि गवत. दिवसाच्या खाण्यातला मोठा वाटा वाळलेल्या गवताचाच हवा. बाहेरून पिशवीबंद टिमोथी गवत येतं, महागही पडतं. पण आपल्या डोंगरांत मारवेल आणि पवन्यासारखी गोड गवतं आहेत. ती कापायची वेळ साधावी लागते. कुसळी गवत बी धरल्यावर कापलं तर त्याची टोकदार कुसळं तोंडात, हिरड्यांत रुततात, म्हणून ते नकोच. पावसाळ्यात गवताला बुरशी लागते. शिराळ्यासारख्या पावसाच्या गावात गवत माळ्यावर, चुलीच्या उबेला ठेवायची जुनी रीत आम्हाला उपयोगी पडली. भाताचा पेंढा पोटाला फारसं देत नाही, पण अंथरायला चांगला. क जीवनसत्त्वासाठी ढोबळी मिरची, पेरूची छोटी फोड. किलोमागं रोज साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम एवढं ते लागतं, आणि पाण्यात मिसळून दिलं तर त्याचा कस लवकर उतरतो, म्हणून ताज्या भाजीतूनच द्यावं. काकडी, कोथिंबिरीच्या चार काड्या, पानं धुवून ओलीच घालावीत. तेवढंच पाणी पोटात जातं. बाटलीसोबत एक जड, पसरट वाटी ठेवावी, कारण पुष्कळ गिनीपिग वाटीतून अधिक पाणी पितात. जितकं पाणी, तितकं मूत्र पातळ, तितका गाळ कमी. हालचालही हवी. दिवसभर एका जागी बसलेल्या जनावराच्या मूत्राशयात गाळ तळाला बसतो. ओसरीवर मोकळं धावू दिलं की तो ढवळतो आणि बाहेर पडतो. फक्त ओसरी सावलीची हवी. थंड डोंगरातल्या या जिवाला आपला चैत्र-वैशाख सोसत नाही. आणि शिराळ्यात आणखी एक: पिंजऱ्याची जाळी बारीक हवी. या गावात नाग घरात येतात, आणि उंदरांच्या जातकुळीतला जीव त्यांचं अन्न आहे. नागाचा दोष नाही. तोही आपल्या देहाचंच ऐकतो.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठकीचं वजन आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत त्याची नोंद. भूक मंदावली आहे हे डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला दिसतं. 50 ग्रॅमची घट दिसली की आम्ही सगळे सावध. अर्धा दिवस खाणं बंद असेल तर थेट डॉक्टर. हे सगळं करूनही खडा पुन्हा होऊ शकतो. एकदा खडा झालेल्या गिनीपिगला तो परत होण्याचा संभव बराच असतो, कारण तिचा देह तोच, आतडं तेच. ताईंनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. आपण या आजाराला हरवत नाही, रोज थोडं मागं सारतो. पुढचे महिने, पुढची वर्षं हेच करत राहायचं: कापड उजेडात धरायचं, गवत चाळायचं, पाणी बदलायचं, आवाज ऐकायचा.

एवढ्याशा जिवासाठी एवढं कशाला, असं काही जण विचारतात. गिनीपिग जगून जगणार किती, 5 ते 8 वर्षं. बाजारात काही शे रुपयांना मिळतो. शस्त्रक्रियेला त्याच्या कितीतरी पट खर्च. मी त्यांचा राग मानत नाही. ज्या घरात माणसाच्या औषधाला पैसा पुरत नाही, तिथं हा हिशेब क्रूर असतो आणि तो कुणावर लादू नये. अशा घरानं हा प्राणी न आणणं हीच त्याच्यावरची मोठी दया. पण ज्यानं आणला, त्यानं तो विकत घेतला तेव्हाच त्याचं पोट, त्याचे दात, त्याचं मूत्राशयही घेतलं. त्याला स्वतःहून झरा शोधता येत नाही, कोवळं गवत निवडता येत नाही, डोंगर उतरता येत नाही. हे सगळं आपण त्याच्याकडून काढून घेतलं. जे काढून घेतलं ते रोज हातानं परत द्यायचं, एवढाच हा व्यवहार आहे, आणि त्यात उपकार कुणाचेच नाहीत.

माझ्या लेकीला यातनं जे मिळालं ते मला कुठल्याही शाळेत घालून देता आलं नसतं. मूत हा शब्द उच्चारताना ती आता हसत नाही, लाजत नाही. आजोबांना रात्री लघवीला त्रास होऊ लागला तेव्हा ते घरात कुणाशी बोलेनात; तिनं मात्र त्यांना सरळ विचारलं, “आण्णा, जळजळतं का? रंग कसा असतो?” आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी आपलं दुखणं कुणाला तरी सांगितलं. जनावराचं मूत पिढीभर वाचणारा माणूस स्वतःचं मात्र लपवत होता. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका पाण्याचा घोट मोजून घेतात, कारण प्रवासात जायचं कुठं. शेतात राबणाऱ्या बाया दिवसभर लघवी दाबून ठेवतात, आणि मग ओटीपोटातलं दुखणं अंगावर काढतात. देहाच्या या भागाबद्दल मोकळं बोलणारं घर मला ठकीनं दिलं.

आता ओळखीचं कुणी गिनीपिग आणायचं म्हणालं की मी त्यांना आमच्या घरी बोलावतो. पिंजरा दाखवतो, गवताची पोती दाखवतो, काटा दाखवतो, ताईंचा नंबर देतो, आणि लेक त्यांना पांढरं कापड कसं बघायचं ते शिकवते. एकटा आणू नका, जोडीनं आणा, नाहीतर तो झुरतो, हेही सांगतो. काही जण ऐकून घेतात आणि विचार बदलतात. तेही मला बरंच वाटतं. काही जण ठाम राहतात आणि वही काढून लिहून घेतात, कोणतं गवत, किती पाणी, कुठला आवाज धोक्याचा. त्यांच्या हाती प्राणी सुखरूप राहील असा मला भरवसा वाटतो. आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते बाजूला ठेवून याला काय लागतं, हा प्रश्न त्यांनी आधी विचारलेला असतो. आणि कुठल्याही जिवाला, मग तो दोन पायांचा असो की चार, दाराआत घ्यायचं तर तोच प्रश्न पहिला असायला हवा.